आवाज मोजतो, ओझे कोण मोजणार?

निलंगा परिसरात सप्ताह, लग्न, जयंती किंवा गणेशोत्सव असला की साउंडचा टेम्पो येतोच. पूर्वी लिंबाच्या फांदीला एक कर्णा बांधला की भागायचे. आता मंडपाच्या खांबांवर तीस-तीस किलोच्या पेट्या चढवतात. मोठ्या कार्यक्रमात लोखंडी ट्रसला एकाखाली एक पेट्यांची माळ टांगतात. तिचे वजन चारशे किलोंवर सहज जाते. तिच्याच खाली माणसे बसतात, लेकरे खेळतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे नियम कानांसाठी आहेत, डोक्यासाठी नाहीत. पेटी कशाला टांगली, कोणी टांगली, हे त्यांत कुठेच येत नाही.

तीस किलोची पेटी चार मीटरवरून निसटली तर एका सेकंदाच्या आत खाली येते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो. बाजूला व्हायला सवड मिळत नाही.

चूक बहुतेकदा साध्या गोष्टीत असते. पेटीचे हँडल उचलून नेण्यासाठी असते, टांगण्यासाठी नाही. तरी दोर त्यातूनच ओवला जातो. नायलॉनचा दोर उन्हाने कमजोर होतो, गाठीपाशी त्याची ताकद आणखी घटते. दुसरी चूक कोनाची. चारशे किलोचे ओझे दोन सरळ दोरांवर असेल तर प्रत्येकावर दोनशे किलो येतात. तेच दोर फाकून जमिनीशी ३० अंशांच्या कोनात आले, तर प्रत्येकावर चारशे किलोंचा ताण पडतो. ओझे तेच, दोर तेच. ताण मात्र दुप्पट. म्हणूनच तुटण्याच्या मर्यादेपेक्षा निदान पाचपट कमी वजन टांगण्याची शिस्त जगभर पाळतात.

वारा हा तिसरा धोका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात अवाढव्य जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ रोजी वाऱ्याच्या झोताने मंचाचे छत कोसळले, सात जण दगावले. त्या छताला दिवे आणि ध्वनियंत्रणा टांगलेली होती. ताणदोर ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते, ते त्यांना धरून ठेवू शकले नाहीत. आपल्याकडे हेच ताणदोर काळ्या रानात ठोकलेल्या खुंट्यांना बांधतात. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की आधी वावटळ, मग पाऊस. माती भिजली की खुंटी सैल होते.

डोक्यावरचे ओझे काय करते, हे या भागाला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारीत दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदे माणसांवर आली. भूकंप टाळता येत नाही. टांगलेली पेटी पडणे मात्र टाळता येते.

साउंडवाले म्हणतात, ‘एवढे करायला आम्हाला परवडत नाही.’ अडचण खरी आहे, पण पहिला उपाय फुकटचा आहे: गरज नसेल तर टांगूच नका. गावातल्या मंडपात पेट्या सपाट, टणक जमिनीवर रचून पट्ट्याने आवळल्या आणि भोवती दोरी लावली तरी आवाज पुरतो. टांगायच्याच असतील, तर कंपनीने त्यासाठी दिलेल्या जागेतूनच टांगाव्यात. मुख्य टांगणीशिवाय स्टीलचा दुसरा, वेगळा दोर हवा. तो आखूडच असावा. ढिला असेल तर पेटी घसरताना बसणारा हिसका त्यालाही तोडतो. वजनमर्यादा कोरलेलेच शॅकल वापरावे आणि त्याची पिन तारेने बांधावी, कारण हादऱ्यांनी ती फिरते.

प्रत्येक कार्यक्रमाआधी गंज, वेल्डिंगची चीर, वाकलेला हुक, तुटलेल्या तारा पाहाव्यात. खराब वस्तू पुन्हा गोदामात न ठेवता कापून भंगारात टाकावी, नाहीतर पुढच्या लग्नात तीच बाहेर येते. ढग भरून आले की आधी माणसे हलवावीत, मग पेट्या उतरवाव्यात.

नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि पोलिसांनी परवानगीच्या अर्जात तीन ओळी वाढवाव्यात: टांगलेले एकूण वजन किती, टांगणी कोणी तपासली आणि वारा सुटल्यास पेट्या उतरवण्याचा निर्णय कोण घेणार. तिन्हींसमोर नाव आणि सही असावी. सप्ताहाच्या किंवा उत्सवाच्या समितीनेही साउंड ठरवताना भाड्याआधी हेच विचारावे. आणि उत्तर मिळेपर्यंत लेकरांना पेट्यांखाली बसवू नये.