फेरीवाल्याला कपड्यावरून ओळखायचं की बिलावरून?

सोयाबीन विकून हातात दोन पैसे आले की गावागावांत फेरीवाल्यांची वर्दळ वाढते. चादरवाले येतात, केसांवर भांडी देणाऱ्या बाया येतात, मोटारसायकलवर भोंगा लावून प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारे येतात. आता त्यांच्यासोबत गळ्यात आयकार्ड अडकवलेली, शर्ट इन केलेली पोरंही दिसतात. कुणाकडे पाण्याचं फिल्टर, कुणाकडे पिकाचं ‘टॉनिक’, तर कुणाकडे लकी ड्रॉचं कुपन.

गाव मात्र दोघांशी सारखं वागत नाही. भांडीवाली उन्हात अंगणाबाहेरच उभी राहते. तिचं दोनशेचं पातेलं शंभरला मागायचं आणि वर ‘कुठून आलीस, गावात का फिरतेस’ म्हणून दरडवायचं. इन केलेल्या पोराला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि मागितली तर आधार कार्डाची झेरॉक्सही मिळते. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. दागिने उजळून देतो म्हणत सोनं लांबवणारे फाटक्या कपड्यात येत नाहीत, ‘काकू, मावशी’ करत नीटनेटके येतात.

संशय चुकीच्या माणसावर गेला की काय होतं, हे राज्यानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. ते पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्यानंतरही सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, लवंगा गावात, चार साधूंना अशाच संशयावरून मारहाण झाली. मेसेज खरा की खोटा, हे विचारायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणजे गाव एकाच वेळी दोन चुका करतं. गरीब दिसणाऱ्यावर विनाकारण संशय घेतं आणि ज्याची चौकशी करायला हवी त्याच्यापुढे सही करून मोकळं होतं.

चौकशीचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, तो वापरला पाहिजे. खत, बियाणं, कीटकनाशक विकायला परवाना लागतो. ‘टॉनिक’ म्हणून खपवली जाणारी जैविक उत्तेजकंही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. दारात येऊन औषध विकणारा परवाना दाखवत नसेल, पक्कं बिल देत नसेल, तर माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. उद्या पीक जळालं तर बिलाशिवाय तक्रार टिकवणं अवघड जातं. अशा विक्रेत्याची माहिती तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यावी. डायरेक्ट सेलिंग कंपन्यांसाठी केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये नियम केले आहेत. त्यांच्या विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी यायचं नाही, असं त्यात आहे. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर १९१५ ही हेल्पलाइन आहे.

काही ग्रामपंचायती वेशीवर सरसकट ‘फेरीवाल्यांना बंदी’चा बोर्ड लावतात. त्यानं भामटा थांबत नाही, तो बोर्ड वाचून परत जाणारा नसतो. परत जाते ती भांडीवाली. तिची त्या दिवसाची कमाई बुडते आणि गावातल्या म्हातारीला दारात मिळणारी वस्तू घ्यायला तालुक्याला जावं लागतं. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. येणाऱ्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर लिहून घ्यावा, पण तो सगळ्यांचाच, आयकार्डवाल्याचाही. खरा धंदेवाला नाव सांगायला घाबरत नाही.

तरीही संशय आलाच तर ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलांना बोलवावं. पण हात उचलायचा नाही. आणि घ्यायचं नसेल तर ‘नको बाई, आज नाही’ एवढं नीट बोललं तरी पुरतं. आपल्याच तालुक्यातली किती पोरं आज शहरात कुणाच्या तरी दारात माल घेऊन उभी आहेत.