‘समजले ना? मग झाले!’

मराठी लेखनातील चूक कोणी दाखवून दिली की त्यावरचे उत्तर ठरलेले असते – ‘समजले ना? मग झाले!’ भ्रमणध्वनीवरचा निरोप, मंडळाच्या कार्यक्रमाची सूचना, वाढदिवसाचा फलक, शेजाऱ्याला धाडलेली चिठ्ठी हे काही ग्रंथलेखन नव्हे, तेथे व्याकरणाचा बडेजाव कशाला, असा हा युक्तिवाद. वरवर तो उदार वाटतो. प्रत्यक्षात तो आळसाला चढवलेला उदारपणाचा मुलामा आहे.

मुळात ‘समजले’ हेच अनेकदा खरे नसते. २७ फेब्रुवारीला ‘मराठी भाषा गौरव दिन’ साजरा होतो. त्या दिवशी फिरणाऱ्या शुभेच्छांमध्ये ‘दिन’चा सर्रास ‘दीन’ होतो. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे दुबळा, बापुडवाणा. गौरव करायला निघालेल्यांनीच भाषेला दीन ठरवावे, याहून मोठी थट्टा कोणती? ‘उपाहार’ म्हणजे फराळ आणि ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. तरीही गावोगावच्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ विराजमान आहे. ‘भूमिपूजन’ ‘भुमीपुजन’ होऊन नारळ फोडते आणि ‘आशीर्वाद’ ‘आर्शिवाद’ होऊन लग्नपत्रिकेवर अवतरतो. वाचणारा संदर्भावरून अर्थ लावून घेतो, हे खरे. पण लिहिणाऱ्याने टाळलेले कष्ट वाचणाऱ्याने उपसायचे, हा कोठला न्याय?

या युक्तिवादातील ढोंग इंग्रजीपाशी उघडे पडते. इंग्रजी अर्जात एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर हाच गृहस्थ ओशाळतो, शब्दकोश काढतो, मुलाला दहा वेळा तो शब्द गिरवायला लावतो. तेथे तो ‘समजले ना’ असे म्हणत नाही. म्हणजे प्रश्न वेळेचा नाही, कुवतीचाही नाही. परकी भाषा चुकली तर आपली लाज जाते आणि मायबोली चुकली तर काही बिघडत नाही, ही ती मनोवृत्ती आहे. राजकीय दास्य संपले, तरी हे दास्य वेलांटी-उकारांतून डोकावतेच.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. मोडी लिपीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. तरीही मराठ्यांचा एवढा मोठा राज्यकारभार त्याच लिपीत चालला. मग आजच हा आग्रह का? आक्षेप खरा, पण निष्कर्ष चुकीचा. मोडीतही कोणाला कोणता मायना लिहावा, पत्राचा आरंभ आणि शेवट कसा करावा, याचे संकेत काटेकोर होते. नियम वेगळे होते, बेशिस्त नव्हती. नियम काळानुसार बदलतात आणि बदलावेतही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पांच’ यांवरील न उच्चारले जाणारे अनुस्वार त्या वेळी गेले आणि लेखन सोपे झाले. इतकेच नव्हे, तर बोलण्याची भाषा लिहिताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असे उच्चारानुसार लिहिण्याची मुभाही या नियमांनीच दिली. अनौपचारिक लेखनाची एवढी काळजी नियमांनी घेतली असताना ‘नियम जाचक आहेत’ अशी ओरड करणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचले आहेत काय?

दैनंदिन लेखनाला क्षुल्लक मानणाऱ्यांनी जालन्याच्या मस्तगडाकडे पाहावे. १७२५ मध्ये निजामाच्या आदेशाने हा गड उभा राहिला. १९४८ पर्यंत मराठवाड्यावर त्या घराण्याची सत्ता होती. दरबाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. सव्वादोनशे वर्षे राजाश्रय नसताना या भूमीत मराठी तगली ती कशाच्या बळावर? कुळकर्ण्यांच्या दप्तरांत, घरोघरच्या पोथ्यांत, कीर्तनांत आणि आप्तेष्टांना लिहिलेल्या साध्या पत्रांत. ज्याला आज ‘घरगुती लेखन’ म्हणून हिणवले जाते, त्यानेच भाषा जतन केली. भाषा दरबारात मिरवते. जगते ती घरात.

याच जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, वेलांटी, मात्रा, टाक, शाई येथपर्यंत समर्थ बारकाईने शिरतात. आरंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर सारखेच उतरावे असा त्यांचा आग्रह आहे. तो समास व्याकरणाचा नव्हे, हस्ताक्षराचा आहे. पण वृत्ती तीच. प्रपंच-परमार्थाचा एवढा पसारा मांडणाऱ्याला वेलांटी क्षुल्लक वाटली नाही. ती तुम्हा-आम्हाला का वाटावी?

मात्र, शुद्धतेच्या नावाखाली बोलीची हेटाळणी करणाऱ्यांनाही बजावले पाहिजे. ‘काय करायलास?’ ही मराठवाड्याची बोली आहे, चूक नव्हे. ‘पानी’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला हसणारा शहरी विद्वान स्वतः ‘माझी मदत कर’ असे हिंदी वळणाचे मराठी बिनदिक्कत लिहितो. बोलीला मुळे असतात, निष्काळजीपणाला नसतात. ज्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही, त्याचा निरोप आदराने वाचावा. जाब विचारायचा तो शिकून-सवरून हलगर्जी करणाऱ्याला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, फलक लागले. दर्जा दिल्लीने दिला. तो राखायचा आहे गल्लीत. त्यासाठी आंदोलन नको की निधी नको. घरात एक लेखनकोश असावा आणि तो मुलांच्या हाती लागेल असा असावा. फलक छापखान्यात जाण्यापूर्वी दुसऱ्या एकाने वाचावा. निरोप धाडण्याआधी एकदा नजर फिरवावी. चूक दिसली तर चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन सांगावी. आणि कोणी सांगितली तर ‘समजले ना?’ असे न म्हणता सुधारावी. भाषेवरचे प्रेम घोषणेत सिद्ध होत नाही. ते वेलांटीत दिसते.