सुट्टी वसूल करायची नसते

हनोईतले माझे शेवटचे चार दिवस उरले होते. सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर मी सहज लिहिलं, उद्याची हालोंग बेची ट्रिप रद्द केली, आता परतीच्या फ्लाइटपर्यंत इथेच आहे. पाच मिनिटांत निकाल लागला. ‘हालोंग न बघता येणार? मग गेलास कशाला?’ ‘अरे, युनेस्को साइट आहे ती!’ ‘पैसे परत मिळाले का?’ आणि गेल्या वर्षी सहा दिवसांत बालीतले १९ स्पॉट उरकून आलेल्या एका मित्राने शेवटचा शब्द टाकला: ‘भावा, ट्रिप वसूल नाही झाली.’

हा लेख त्या ‘वसूल’विरुद्ध आहे.

वसूल हा सरकारी दप्तरातला शब्द. शेतसारा वसूल करतात, थकबाकी वसूल करतात, हप्ते चुकले की बँकेची माणसं वसुलीला दारात येतात. वसुलीला आलेला माणूस घरात येऊन बसत नाही. ओसरीवरूनच येणं किती ते बघतो, पावती फाडतो आणि पुढच्या दारात जातो. आपली पिढी परदेशात अशीच फिरते.

मी काही वेगळा नव्हतो. निघण्याआधी तीन आठवडे रात्री जागून मी एक शीट बनवली होती. सायगॉन, होई आन, हुए, हनोई. १२ दिवस, ४१ ओळी. प्रत्येक ओळीत ठिकाण, वेळ, तिकीट आणि शेवटच्या कॉलममध्ये ‘डन’. ऑफिसात दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला मनापासून शिव्या घालणाऱ्या मी, वर्षातून एकदा मिळालेल्या मोठ्या सुट्टीचाही स्प्रिंटच केला होता. मग स्प्रिंटचं होतं तेच झालं. शेवटच्या चार दिवसांवर ११ ओळी येऊन पडल्या. ट्रिपचे शेवटचे दिवस म्हणजे वसुलीचा मार्चएंड.

आईवडिलांच्या पिढीतल्या टूर ग्रुपची आपण किती चेष्टा केली! दहा दिवसांत सहा देश, बसच्या खिडकीतून स्वित्झर्लंड, दुपारी पुलाव आणि संध्याकाळी टूर मॅनेजरची शिट्टी. आपण बॅकपॅक घेतली, हॉस्टेलला राहिलो, त्याला ‘सोलो’ म्हणालो, ‘स्वतःला शोधतोय’ म्हणालो. शिट्टी मात्र खिशात घेऊन फिरलो. त्यांना निदान दुसरं कुणी तरी शिट्टी मारत होतं.

हालोंग मी रद्द केलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रेन स्ट्रीटवर गेलो होतो. रुळांना अगदी खेटून दोन्ही बाजूंना घरं, मधून धडधडत जाणारी गाडी. रील्समध्ये तुम्ही पाहिलीच असेल. पर्यटकांची गर्दी इतकी वाढली की २०१९ मध्ये तिथले कॅफे बंद करायचे आदेश निघाले होते. तरी लोक जातातच. गाडी यायच्या आधी एक बाई रुळांवरची स्टुलं उचलून दारात रचत होती. ती फ्रेममध्ये येत होती. आमच्यापैकी दोघातिघांनी तिला हाताने खूण केली, जरा बाजूला व्हा. त्या हातांमध्ये एक माझा होता. ती निमूट बाजूला झाली. स्वतःच्या दारातून.

रात्री शीटमध्ये त्या ओळीपुढे ‘डन’ लिहिताना मला माझीच शिसारी आली. हालोंगचं बुकिंग तेव्हाच रद्द केलं. निम्मे पैसे गेले.

मग मी काय केलं? ट्रिप म्हणून सांगण्यासारखं फारसं काही नाही.

हॉस्टेलच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर लोकांना बसवून ‘चाओ’ विकायची. चाओ म्हणजे तांदळाची पेज. आमच्या कुडाळकडे सकाळी असते तशीच, फक्त वर मांसाचा वाळवलेला चुरा आणि तळलेल्या पिठाच्या कांड्या. पहिल्या दिवशी मी वाटी रिकामी करून उठलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि ऐटीत ‘शिन चाओ’ म्हणालो, तर बाई खो खो हसली. शेजारच्या स्टुलावरच्या कॉलेजच्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत उलगडा केला. ‘चाओ’ म्हणताना आवाज खाली सोडला तर नमस्कार. वर चढवला तर पेज. मी वर चढवत होतो. म्हणजे सायगॉनच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यापासून हनोईच्या रिसेप्शनिस्टपर्यंत प्रत्येकाला मी हसून, मान लववून ‘पेज’ म्हणत आलो होतो.

इतक्या दिवसांत हे मला कुणी सांगितलं नाही, कारण इतक्या दिवसांत मी एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा गेलो नव्हतो.

पेज पिऊन मी लोंग बिएन पुलावर चालत जायचो. लाल नदीवरचा हा लोखंडी पूल फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधला आणि त्याला आपल्या गव्हर्नर जनरलचं, पॉल डुमेरचं नाव दिलं. पुढे अमेरिकी विमानांनी त्यावर १९६७ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये बॉम्ब टाकले. त्यामुळे पुलाचा माथा काही ठिकाणी जुन्या कमानींचा उंच आहे आणि काही ठिकाणी नुसताच सपाट. मधून रेल्वे जाते, दोन्ही कडांनी स्कूटरी. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इथल्या स्कूटरी डावीकडून चालताहेत. साऱ्या व्हिएतनाममध्ये वाहतूक उजवीकडून आणि या एका पुलावर आपल्यासारखी डावीकडून. पहिल्या दिवशी मी त्याच पुलावर फोटो काढले होते, आणि मला हे दिसलं नव्हतं.

आता यावरचा रास्त आक्षेप. ‘हे सगळं बोलायला ठीक आहे. वर्षाला १८ रजा मिळतात, विमानाच्या तिकिटासाठी सहा महिने पैसे साठवतो, आपला पासपोर्ट असा की अर्ध्या जगासाठी बँक स्टेटमेंटं जोडत बसावं लागतं. परत कधी येणं होईल कुणास ठाऊक. रमतगमत फिरा हे सांगायला युरोपातल्या लोकांचं काय जातं?’ मान्य. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला घरबसल्या मिळतो म्हणूनच मी तिथे गेलो. हालोंग सुंदर असणार यातही मला शंका नाही. कधी तरी बघेनही.

पण वसुलीने पदरात जास्त पडतं, हे खोटं आहे. परवा मी ती शीट परत उघडली. हुएला एका दुपारी तीन राजांच्या समाध्या ‘डन’ केल्या होत्या. कुठली समाधी कुठल्या राजाची, हे फोटो बघूनही मला सांगता येईना. तिकिटांचे पैसे मात्र तिन्हींचे गेले.

हा हिशेब माझ्यात कुठून आला हेही मला ठाऊक आहे. माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. तेवढ्याच रजेचे पैसे मिळतात. त्यावरच्या रजा नुसत्याच बुडाल्या. त्या पैशांतून माझी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरली गेली आणि पहिला लॅपटॉप आला. त्या ३०० दिवसांत बाबा कुठे कुठे गेले असते, हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही. अशा घरातून आलेल्या मुलाला परदेशात रिकामी दुपार म्हणजे चोरी वाटते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी रजा, एखादं सोनं, एखादा जमिनीचा तुकडा असेल. आपली घाई तिथून येते. तिला हसू नये. पण माझ्या ४१ ओळींनी बाबांचा एकही दिवस परत येत नाही.

शेवटच्या दुपारी पुलावर असताना त्यांचा फोन आला.

‘काय करतोयस?’

‘काही नाही. पुलावर बसलोय.’

ओरडा बसेल असं वाटलं. बाबा म्हणाले, ‘नदी मोठी आहे?’

मी व्हिडिओ चालू केला. ते बराच वेळ बघत राहिले. ‘पाणी लाल आहे. वर कुठे तरी पाऊस झालेला दिसतोय.’ मग त्यांना नदीच्या मधल्या बेटावरच्या केळी दिसल्या. कुठली जात, पाणी चढलं की बागेचं काय होतं, मालक कोण. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. एरवी ‘जेवलास का’ विचारून दोन मिनिटांत फोन ठेवणारे बाबा २० मिनिटं बोलत होते. हालोंगच्या बोटीवरून मी त्यांना फोटो पाठवला असता आणि त्यांनी अंगठा पाठवला असता.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. सगळी ट्रिप संथ करणं आपल्याला परवडत नाही, हे कबूल. पण शेवटचे दोन दिवस शीटमध्ये कोरे सोडा. जिथे आधी जाऊन आलात तिथेच परत जा. कुणी मित्र परदेशातून आला तर ‘काय काय बघितलंस’ विचारू नका. दोनदा कुठे गेलास, ते विचारा.

ग्रुपवरच्या मित्राला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. ते इथे देतो. नाही रे, ट्रिप वसूल नाही झाली. शीटमधल्या नऊ ओळी अजून कोऱ्या आहेत, आणि त्या तशाच राहणार आहेत.