सर्वोच्च पद आणि अल्पसंख्याकाची कसोटी

राज्यघटनेने दार उघडे ठेवले की त्या दारातून आत जाणे सर्वांना सारखेच सुकर होते, असा एक समज नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेला आहे. या देशातील कोणतेही मूल उद्या देशाच्या सर्वोच्च पदावर बसू शकेल, असे शिक्षक वर्गाला मोठ्या विश्वासाने सांगतात. कायद्याच्या दृष्टीने हे विधान निर्दोष आहे. परंतु त्याच वर्गात बसलेल्या, धर्माने वा वर्णाने वेगळ्या असलेल्या मुलाचा त्यावर विश्वास बसतो काय, यावर त्या लोकशाहीचा खरेपणा अवलंबून असतो. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत विशेष उद्बोधक आहे. तेथे सर्वोच्च पदाच्या उमेदवाराला पक्षश्रेष्ठींच्या आड राहता येत नाही. साऱ्या राष्ट्रापुढे त्याला स्वतः उभे राहावे लागते.

अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षपदासाठी जन्मसिद्ध नागरिकत्व, ३५ वर्षे वय आणि देशातील १४ वर्षांचे वास्तव्य एवढ्याच अटी आहेत. कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असेही तिच्या सहाव्या कलमात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. असे असूनही १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने अल् स्मिथ यांना उमेदवारी दिली तेव्हा काय घडले? स्मिथ हे चार वेळा न्यूयॉर्कचे गव्हर्नर झालेले कर्तबगार प्रशासक होते. पण ते कॅथलिक होते. ते निवडून आले तर देशाचा कारभार रोमहून चालेल, असा प्रचार करण्यात आला. त्या सुमाराची आर्थिक भरभराट आणि दारूबंदीला असलेला स्मिथ यांचा विरोध हीदेखील त्यांच्या पराभवाची कारणे होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि टेक्सास, फ्लॉरिडा, व्हर्जिनिया यांसारखी पक्षाची परंपरागत राज्येही हातची गेली, याचा अर्थ लपण्यासारखा नव्हता. हर्बर्ट हूव्हर यांना ४४४ आणि स्मिथ यांना अवघी ८७ निर्वाचक मते पडली. कॅथलिक माणूस अध्यक्ष होऊ शकत नाही, असा निष्कर्ष राजकारणधुरंधरांनी काढला आणि तो पुढे ३२ वर्षे टिकला.

यातील विसंगती मात्र फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. हूव्हर स्वतः क्वेकर पंथाचे होते आणि पुढे १९६० साली केनेडी यांच्याविरुद्ध उभे राहिलेले निक्सन हेही त्याच पंथाचे. कॅथलिकांच्या मानाने क्वेकरांची संख्या नगण्य होती. युद्धाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या या पंथाचा माणूस सेनादलांचा प्रमुख कसा होणार, असा प्रश्न वास्तविक कोणालाही विचारता आला असता. पण त्यांच्या निवडणुका या प्रश्नावर अडल्या नाहीत. तात्पर्य, ज्याला राजकारणात अल्पसंख्याक म्हणतात तो केवळ शिरगणतीने ठरत नसतो. बहुसंख्याकांना ज्याच्या निष्ठेची शंका येते, तो अल्पसंख्याक!

ही शंका किती खोल होती, हे केनेडी यांना १९६० साली पुरेपूर कळले. जेथे कॅथलिक शंभरात जेमतेम पाच होते, त्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील प्राथमिक निवडणूक त्यांना आपला धर्म आड येत नाही हे सिद्ध करण्यासाठी जिंकावी लागली. पुढे १२ सप्टेंबर रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत जाऊन, चर्च आणि शासन यांची फारकत आपण पूर्णपणे मानतो, अशी ग्वाही त्यांना द्यावी लागली. सदसद्विवेकबुद्धी आणि राष्ट्रहित यांत कधी विरोध आलाच तर आपण राजीनामा देऊ, असेही त्यांनी सांगितले. ते निवडून आले. पण सुमारे पावणेसात कोटी मतांमध्ये त्यांचे आधिक्य सव्वा लाखाहूनही कमी होते.

वर्णाची भिंत याहून उंच होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापूर्वी दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतपेटीपर्यंतही पोचू दिले जात नव्हते. त्यानंतर सातच वर्षांनी शर्ली चिशोम या काँग्रेस सदस्येने डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली, तेव्हा तिची संभावना अनेकांनी एक लहर म्हणून केली. जेसी जॅक्सन यांनी १९८४ आणि १९८८ अशी दोनदा झुंज दिली. दुसऱ्या खेपेस त्यांना सुमारे ६९ लाख मते पडली. ते हरले, पण हरता हरता त्यांनी लक्षावधी नवे मतदार नोंदविले आणि प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात व्हावी, असा आग्रह धरून पक्षाचे नियमही बदलून घेतले. २००८ साली बराक ओबामा यांना हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध या नियमांचा मोठाच उपयोग झाला. बहुसंख्य गौरवर्णीयांच्या आयोवा राज्याने त्यांना पहिला कौल दिला आणि नोव्हेंबरात ३६५ निर्वाचक मते मिळवून ते अध्यक्ष झाले. मतदानोत्तर पाहणीनुसार गौरवर्णीयांपैकी ४३ टक्के मते त्यांना पडली होती. पहिल्या विजेत्याचे नाव इतिहासात राहते. पण त्याची वाट आधीच्या पराभूतांनी झिजवलेली असते.

तरीही या विजयाने शंका मिटली नाही. ओबामा छुपे मुसलमान आहेत, अशी कुजबूज निवडणुकीच्या काळातच सुरू होती. ते ख्रिस्ती आहेत, एवढेच उत्तर बहुतेकांनी दिले. पण ते मुसलमान असते तरी काय बिघडले असते, हा खरा प्रश्न रिपब्लिकन पक्षाच्या कॉलिन पॉवेल यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये दूरचित्रवाणीवर जाहीरपणे विचारला. लोकशाहीची बूज राखणारे उत्तर तेच होते. पुढे अध्यक्षपदावर दोन वर्षे काढल्यानंतर, एप्रिल २०११ मध्ये, ओबामा यांना आपल्या जन्माचा सविस्तर दाखला प्रसिद्ध करावा लागला. त्यांच्या आधीच्या अध्यक्षांवर अशी पाळी आली नव्हती.

या पाहऱ्याची किंमत खुद्द अल्पसंख्याक समाजालाही मोजावी लागते. आपण साऱ्यांचे आहोत हे सिद्ध करण्याच्या भरात असा नेता आपल्या समाजाच्या रास्त मागणीविषयीही जपून बोलतो. केनेडी यांनी १९६१ च्या शिक्षणविषयक विधेयकातून कॅथलिक शाळांना कटाक्षाने वगळले, ते काही केवळ तत्त्वासाठी नव्हे.

संसदीय पद्धतीत ही वाट थोडी सुगम होते, असे दिसते. मूळच्या मालवण तालुक्यातील वराडच्या घराण्यातले लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. ऋषी सुनक २०२२ साली ब्रिटनचे झाले. राज्यसभेचे सदस्य असलेले डॉ. मनमोहनसिंग २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे भारताचे पंतप्रधान होते. या तिघांनाही प्रथम पक्षाने निवडले. मतदारांनी थेट त्या पदासाठी नव्हे. आपल्याकडे राष्ट्रपतिपदी झाकिर हुसेन १९६७ साली, झैलसिंग १९८२ साली आणि अब्दुल कलाम २००२ साली आले, ही भूषणाची गोष्ट खरी. परंतु मानाचे पद देणे आणि सत्तेचे पद देणे यांत अंतर आहे. पक्षाच्या औदार्याने मिळालेले पद ही सुरुवात म्हणून स्वागतार्ह ठरते, पण समाजमन बदलल्याचा तो पुरावा मानता येत नाही.

मग हा पुरावा कोणता? केनेडी यांच्यानंतर दुसरा कॅथलिक अध्यक्ष निवडून येण्यास ६० वर्षे लागली. २०२० साली जो बायडन निवडून आले, तेव्हा रोमहून कारभार चालेल काय, असे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. उलट, ते पुरेसे कॅथलिक नाहीत, अशी तक्रार काही बिशपांनी केली! ज्या सेंट मॅथ्यू कॅथेड्रलमधून केनेडी यांची अंत्ययात्रा निघाली, तेथेच प्रार्थना करून बायडन २० जानेवारी २०२१ रोजी शपथ घ्यावयास गेले आणि त्या घटनेचे कोणालाही वैषम्य वाटले नाही. अल् स्मिथ यांचा खरा विजय त्या दिवशी झाला. याउलट २०२४ साली कमला हॅरिस पराभूत झाल्या, त्याला महागाईसह अनेक कारणे होती. पण त्या खरोखर कृष्णवर्णीय आहेत की भारतीय, हा सवाल प्रतिस्पर्ध्याने भर सभेत केला होता. तो प्रश्न अद्याप जिवंत आहे.

म्हणून अल्पसंख्याकांतील पहिला माणूस सर्वोच्च पदावर बसला की आनंद मानावा, पण हिशेब पूर्ण झाला असे समजू नये. वेगळ्या माणसाकडे निष्ठेचा जादा दाखला मागण्याची सवय बहुसंख्याकांनी सोडली, की तो पूर्ण होईल. ही सवय घटनेतील कोणत्याही कलमाने सुटणार नाही. ती घरात, कचेरीत आणि वर्गात सुटावयाची आहे. तोवर शिक्षकांनी ते वाक्य वर्गाला जरूर सांगत राहावे. मात्र ते खरे करण्याची जबाबदारी कोपऱ्यातल्या मुलाची नसून उरलेल्या वर्गाची आहे, हेही त्याच तासाला सांगावे.