जमीन तपासायला आधी सरकारी पैसा हवा




जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची, मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करायची, आणि ज्याने जमीन नासवली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, असा त्यांचा क्रम आहे. नियम चांगलेच आहेत. पण आमच्या भागात हा खर्च वसूल करायचा कोणाकडून?

ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना कर्जापायी बँकेच्या ताब्यात गेला, अनेक वर्षे बंद राहिला, मग भाडेतत्त्वावर देण्यात आला. मराठवाड्यातल्या कितीतरी सहकारी कारखान्यांची कहाणी अशीच आहे. अशा ठिकाणी उद्या जुने प्रदूषण आढळले, तर बँक म्हणणार आम्ही फक्त कर्ज दिले; भाडेकरू म्हणणार हे आमच्या आधीचे; आणि उरतो कोण, तर सभासद, म्हणजे शेजारच्या शिवारातला ऊस उत्पादक शेतकरी. ज्याची विहीर नासली, त्याच्याच नावाने बिल निघायचे! तेरणाची जमीन दूषित आहे, असा माझा आरोप नाही. ती आणि तिच्यासारख्या सगळ्या जागा सरकारी खर्चाने तपासल्या जाव्यात, एवढीच मागणी आहे.

साखर कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली असली की एक लिटर अल्कोहोलमागे साधारण 8 ते 15 लिटर मळीचे पाणी निघते. ते गडद तपकिरी, आम्लधर्मी आणि क्षारांनी भरलेले असते. पूर्वी ते उघड्या खड्ड्यांत साठवण्याची पद्धत सर्रास होती. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली बेसॉल्टचा खडक. पाणी खडकाच्या भेगांतून वाट काढते, त्यामुळे खड्डा एकीकडे आणि खराब झालेला बोअर भलतीकडे, असे होऊ शकते. हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी निरीक्षण-बोअर घ्यावे लागतात, वेगवेगळ्या खोलीवरची माती काढावी लागते, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नमुने घ्यावे लागतात. हा खर्च अल्पभूधारकाला किंवा ग्रामपंचायतीला झेपणारा नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत तर मातीचे बाराच घटक तपासतात, तेही पीक चांगले यावे म्हणून. शिसे किंवा क्रोमियम त्यात येतच नाही.

अमेरिकेत याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला गेला. तिथल्या पर्यावरण संस्थेचा पडीक औद्योगिक जागांसाठीचा कार्यक्रम गावांना आणि आदिवासी समूहांना निव्वळ तपासणीसाठी वेगळे अनुदान देतो. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने या कार्यक्रमासाठी दीड अब्ज डॉलर ठेवले. दोषी कोण, हे ठरेपर्यंत तपासणी थांबत नाही. आपल्याकडे नियम आले तेव्हा देशभरात 103 दूषित जागा निश्चित झाल्याचे सांगण्यात आले. सफाई मात्र मोजक्या सात ठिकाणी सुरू झाली होती. भोपाळच्या वायुगळती झालेल्या कारखान्यातला 337 टन विषारी कचरा हलवायला 2025 साल उजाडले. एका राज्याच्या राजधानीला चाळीस वर्षे लागली, तर ढोकीच्या वस्तीला कोण विचारणार?

म्हणून नुसती यादी मागून भागणार नाही. जिल्हा वार्षिक योजनेत दूषित जमिनीच्या तपासणीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष हवे, आणि राज्याने त्यात आपला वाटा घालावा. नीती आयोगाने 2018 मध्ये आपल्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांत घेतले. त्या यादीतल्या जिल्ह्यांना हा निधी आधी मिळायला हवा. नियमांतल्या रसायनांच्या यादीवर बोट ठेवून मळीच्या पाण्याला वगळले जाऊ नये. अहवाल मराठीत गावाच्या चावडीवर लागावा. जमिनीचे भाव पडतील या भीतीने तो दडवणे म्हणजे दूषित पाणी लेकरांना पाजत राहणे.

परिसरातल्या गावकऱ्यांना विनंती आहे, की येत्या ग्रामसभेत संशयित जागांची नावे घालून ठराव करा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या.

— एक वाचक, ढोकी (ता. जि. धाराशिव)