संगमरवरी पुतळा आणि हाडामांसाचा कामगार

पोलंडचे थोर चित्रपट-दिग्दर्शक आंद्रेइ वायदा (१९२६-२०१६) यांचे स्मरण कम्युनिस्टांना सुखावणारे नाही. म्हणूनच ते टाळता कामा नये.

वायदांचे वडील लष्करी अधिकारी. सोव्हिएत गुप्त पोलिसांनी १९४० साली ठार केलेल्या सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांपैकी ते एक. हे हत्याकांड नाझींचेच, असे जवळजवळ अर्धशतक सांगितले गेले. मॉस्कोने सत्य मान्य केले ते १९९० मध्ये. याच वायदांनी समाजवादी पोलंडच्या लोड्झ येथील चित्रपट विद्यालयात शिक्षण घेतले आणि ‘कनाल’ (१९५७), ‘राख आणि हिरा’ (१९५८) हे जगन्मान्य चित्रपट सरकारी पैशावर काढले. या व्यवस्थेचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

परंतु तिच्या वर्मावर बोट ठेवले तेही वायदांनीच. ‘संगमरवरी माणूस’ (१९७७) या चित्रपटाची संहिता दशकाहून अधिक काळ पडून होती. नोवा हुता या पोलादनगरीतील बिरकुट हा गवंडी विटा रचण्याचा विक्रम करतो. त्याचे पुतळे उभे राहतात. एका प्रात्यक्षिकात कोणी त्याच्या हाती तापलेली वीट देते आणि त्याचे हात भाजतात. निरपराध सहकाऱ्याला अटक होताच तो दाद मागू लागतो. त्याच क्षणी तो नकोसा होतो, आणि त्याचा पुतळा संग्रहालयाच्या तळघरात जातो. ‘पोलादी माणूस’ (१९८१) या उत्तरार्धात त्याचा मुलगा ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातील संपात उतरतो. या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

वायदा १९८९ साली ‘सॉलिडॅरिटी’तर्फे सिनेटवर निवडून गेले. पुढे आलेल्या भांडवलशाहीत ग्दान्स्कचा तोच कारखाना १९९६ साली दिवाळखोर ठरला, हे तिच्या भाटांनी विसरू नये. मात्र तेवढ्याने आपली सुटका होत नाही. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याविरुद्ध कामगारांनाच संप करावा लागला, तो काही केवळ शत्रूच्या कारस्थानामुळे नव्हे.

कामगाराचा पुतळा उभारणे सोपे असते. तो प्रश्न विचारू लागला की त्याचे ऐकून घेणे कठीण. आपल्या संघटनांत, आपल्या सभांत आज किती बिरकुट गप्प बसले आहेत, याचा शोध प्रत्येक सभासदाने घ्यावा. वायदांचे खरे स्मरण तेच ठरेल.