गर्भिणीच्या ताटाचे काय?

नवरात्रात तुळजापूरला भवानीमातेची ओटी भरण्यासाठी महाराष्ट्र-कर्नाटकातून सुवासिनींची रीघ लागते. खण-नारळांचे ढीग पडतात. त्याच तुळजापुरात आणि जवळच्या धाराशिव शहरात, दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या कुटुंबांच्या पत्र्याच्या खोल्यांतून सातव्या महिन्याची गर्भिणी सकाळीच धुणीभांड्यांच्या कामाला बाहेर पडते. न्याहारी म्हणजे चहा आणि शिळी भाकरी. रात्री सर्वांची पाने झाल्यावर उरेल ते. मातृत्वाची महती गाणाऱ्या समाजाला या दोन चित्रांतील अंतर कसे खुपत नाही?

हे अंतर काट्यावर मोजता येते. गरोदरपणात स्त्रीचे वजन साधारण ९ ते ११ किलोंनी वाढावे, असे शासनाच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. मुळात कृश असलेल्या स्त्रीचे याहून अधिक वाढायला हवे, स्थूल स्त्रीचे कमी. आहार अपुरा असेल तर वाढ ५-६ किलोंवरच थांबते, हेही त्याच सूचनांत नमूद आहे. अशा मातेचे मूल अडीच किलोंहून कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो आणि त्या उणिवेची सावली मोठेपणीच्या मधुमेह-हृदयविकारापर्यंत लांबते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा रकाना असतो, तो भरलाही जातो. पण दोन महिने काटा जागचा हलला नाही, तर पुढे काय? लोहाच्या गोळ्या आणि ‘ताई, चांगले खात जा’ हा उपदेश! खायचे कशातून, हे कोणी सांगायचे?

दोष केवळ शासनाचा नाही. ‘फार खाल्लेस तर बाळ मोठे होईल, बाळंतपण जड जाईल’ ही समजूत आजही घरोघरी आहे. दुसरीकडे सुखवस्तू घरांत गर्भसंस्काराच्या वर्गांना वाढती मागणी आहे. श्लोक, संगीत, सद्विचार यांना कोणाचा विरोध असणार? परंतु ज्या आयुर्वेदाचा दाखला या वर्गांतून दिला जातो, त्याच्या चरकसंहितेतील शारीरस्थान गर्भिणीच्या आहाराचा विचार महिनावार करते. दूध, लोणी, तूप यांचा क्रम लावून देते. पोट रिकामे ठेवून संस्कार करावेत, असे चरकाचार्यांनी कोठेही म्हटलेले नाही.

आता शासनाकडे वळू. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील स्त्रिया वगळता, प्रत्येक गर्भवतीला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७मध्ये मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती. २०२२पासून दुसऱ्या अपत्यालाही लाभ आहे, पण ती मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झाला, तर त्या आईला भूक लागत नाही, असा शासनाचा समज असावा! अंगणवाडीतील पोषण आहारासाठी २०१७मध्ये ठरलेला दर गर्भवतीमागे दिवसाला साडेनऊ रुपये. त्यातून मिळणारी पाकिटे किती घरांत खाल्ली जातात आणि किती ठिकाणी शेळ्या-कोंबड्यांपुढे पडतात, हे एखाद्या अंगणवाडी सेविकेला खासगीत विचारून पाहावे. ठेकेदार नकोत, हे काम स्थानिक महिला मंडळे व बचत गटांकडे द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्येच बजावले होते. तरीही महाराष्ट्राच्या या आहाराच्या निविदेत अटी अशा घातल्या गेल्या की, छोटे गट बाहेरच राहावेत. अखेर २०१९मध्ये न्यायालयाला ती निविदा रद्द करावी लागली.

पाकिटाने आणि मूठभर खाऊने भागत नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे साडेसहा हजार स्त्रियांना २००६पासून एका अभ्यासात सहभागी करून घेण्यात आले. त्यांतील निम्म्या गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ दिला गेला, तोही गर्भधारणेच्या आधीपासून. २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ मिळालेल्या मातांच्या बाळांचे वजन थोडे वाढले. मात्र सर्वांत कृश मातांच्या बाळांना हा लाभ मिळालाच नाही. ज्या देहाची स्वतःचीच झीज भरून निघालेली नाही, तो गर्भाला देणार तरी कोठून? म्हणजे काळजी सातव्या महिन्याच्या डोहाळजेवणाला नव्हे, सून घरात येते तेव्हापासून, किंबहुना मुलगी वयात येते तेव्हापासूनच घ्यायला हवी.

आदिवासी भागातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना राज्यात २०१५पासून आहे. धाराशिव जिल्हा आदिवासी नाही, म्हणून तिच्या कक्षेबाहेर. पण २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव घातले, ते विकासात मागे पडला म्हणूनच ना? मग धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब येथील वस्त्यांतही असेच ताजे जेवण का नको? ते वस्तीतील बचत गटांनीच रांधावे आणि जिचे वजन अडले आहे, तिचे पान आधी वाढावे. नगर परिषदेच्या दारात ही मागणी घेऊन जाण्याइतकी महिला मंडळे या शहरांत नक्कीच आहेत.

आणि ज्यांच्या घरी अशी गर्भिणी कामाला येते, त्यांना तर कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. भांड्यांचा ढीग तिच्यापुढे ठेवण्याआधी गरम भाकरी, वरण, पालेभाजी आणि पेलाभर दूध तिच्यापुढे ठेवावे. नववा लागला की पगार न कापता तिला घरी बसू द्यावे.